घरसंसार : परड्यातला भोपळा आणि त्याच्या बिया

पावसाळा ओसरून पहाटेचे धुके उतरू लागले, की आमच्या निपाणीकडील खेड्यांत घरोघरच्या परड्यांतून एक गंमत दिसू लागते. आषाढात उकिरड्याच्या कडेला कोणी तरी सहज एक बी टोचलेली असते. श्रावणात तिची वेल कुंपणावर चढते, भाद्रपदात गोठ्याच्या छपरावर जाते, आणि दिवाळीच्या सुमारास पाने करपली म्हणजे एकदम ध्यानात येते, की कौलांवर पाचसहा तांबूस फळे निवांत बसलेली आहेत. त्यांना कोणी मुद्दाम पाणी घातलेले नसते, की कोणी औषध मारलेले नसते. ज्या घरात तंबाखूचा आणि उसाचा हिशेब रोज रात्री होतो, त्या घरातही भोपळ्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. म्हणूनच की काय, त्याला मानही कोणी देत नाही. मुलाला परीक्षेत शून्य मिळाले तर त्याला भोपळा मिळाला असे आपण म्हणतो, आणि दोघां भावांचे पटेनासे झाले तर ते विळ्या-भोपळ्याचे सख्य!

ह्या अवमानित फळाविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. फळाविषयी तर खरेच, पण त्याहूनही त्याच्या पोटातील बियांविषयी. कारण ह्या बियांच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि ती वाचक भगिनींना सांगितल्यावाचून पाककृतीकडे वळणे आम्हांस बरे वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्येष्ठ महिन्याचा आरंभ होता, मुलांच्या शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. भोपळ्याच्या बियांत फार सत्त्व असते असे आम्ही कोठे तरी वाचले होते. स्वयंपाकघरातील फळीवर, मिठाच्या बरणीमागे, एका लहानशा मातीच्या खापरात राखेत घोळलेल्या मूठभर बिया होत्या. त्या काढल्या, धुतल्या, तव्यावर मिठाच्या पाण्याचा हबका देऊन खमंग भाजल्या आणि मुलांच्या डब्यांत घातल्या. मुलांनी आवडीने खाल्ल्या. आपण काही तरी हुशारीचे काम केले, असे आम्हांस दिवसभर वाटत होते.

पहिला पाऊस पडला त्या दिवशी सासूबाई पदर खोचून परड्यात निघाल्या आणि दारातूनच त्यांनी विचारले, “अगं, त्या खापरातल्या बिया कुठं ठेवल्यास?”

“आत्याबाई, त्या मुलांना भाजून दिल्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

त्या काही बोलल्या नाहीत. हातातील खुरपे त्यांनी भिंतीशी टेकवले आणि आत जाऊन तांदूळ निवडावयास बसल्या. त्या रागावल्या असत्या तर आम्हांस सोपे गेले असते. रात्री मामंजींनी सांगितले, तेव्हा कळले. त्या बिया लग्नाच्या वर्षी आत्याबाईंनी माहेराहून, दूधगंगेच्या पलीकडून, लुगड्याच्या पदरात बांधून आणल्या होत्या. चपटा, खोल खोल शिरांचा, हिरवट सालीचा तो भोपळा. गर इतका जाड, की आत बियांना जेमतेम जागा. दर वर्षी त्यातील एक फळ बियांसाठी राखावयाचे आणि खापर भरून ठेवावयाचे, हा त्यांचा नेम चाळीस वर्षांहून अधिक चाललेला होता. तो आम्ही एका तव्यावर संपवला होता.

पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आता भोपळ्याकडे वळू.

प्रथम नावाचा घोळ निस्तरावयास हवा. आमच्या भागात दोन भाषा एकाच बाजारात नांदतात. भाजीवालीपुढे एक बाई लाल भोपळा मागते, तिच्या शेजारची कुंबळकाई मागते, आणि दोघींना एकाच फळाच्या फोडी कापून मिळतात. नगर-खानदेशाकडे त्यालाच डांगर म्हणतात. विदर्भात तर कोहळे म्हणतात. त्यामुळे तिकडून आलेल्या सुनेची आणि इकडच्या सासूची पहिल्याच आठवड्यात गल्लत होते, कारण आमच्याकडे कोहळा म्हणजे सालीवर पांढरी भुकटी धरणारे, पेठ्याचे फळ. दुधी भोपळा आणखी निराळा. एका पदार्थाचे नाव मात्र सीमेच्या दोन्ही अंगांस जवळजवळ एकच आहे : आपले घारगे आणि कानडी घरांतले गारिगे. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. कढई मात्र जिथल्या तिथे राहिली.

हे फळ आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की ते परदेशचे असेल असे कोणाला वाटत नाही. पण मिरची, बटाटा आणि मका ह्यांच्याप्रमाणे लाल भोपळाही मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिको देशातील ओहाका प्रांतात एका गुहेत भोपळ्याच्या ज्या बिया सापडल्या, त्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने लावलेल्या वेलींच्या आहेत असे संशोधकांनी ठरवले आहे. म्हणजे तिकडे मक्याच्याही आधी हे पीक घेत असत. १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचला, आणि त्यानंतर गलबतांतून ही बी जगभर गेली. मेक्सिकोतील बायका आजही भोपळ्याच्या बिया भाजून, वाटून त्यांचा दाट रस्सा करतात. आपण शेंगदाण्याच्या कुटाची आमटी करतो, तशातलाच तो प्रकार.

येथे एक जुना तंटा आठवतो. योनाच्या पुस्तकात निनवे शहराबाहेर बसलेल्या संदेष्ट्याच्या डोक्यावर देवाने एक वेल उगवली आणि दुसऱ्या दिवशी ती किडीने वाळवली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात ती भोपळ्याची वेल होती. संत जेरोम ह्यांनी हिब्रूवरून नवे लॅटिन भाषांतर केले, तेव्हा भोपळ्याच्या जागी आयव्ही नावाची दुसरीच वेल घातली. आफ्रिकेतील ओया ह्या गावी, म्हणजे आजच्या लिबियातील त्रिपोली येथे, एका बिशपांनी हे नवे भाषांतर मंदिरात वाचून दाखवताच लोकांत मोठी गडबड उडाली. पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडलेला भोपळा अचानक नाहीसा झालेला त्यांना खपेना. बिशप महाशयांना आपली प्रजा गमावण्याची पाळी आली. संत आगस्तीन ह्यांनी इ. स. ४०३ च्या सुमारास जेरोम ह्यांना पत्र लिहून हा सगळा प्रकार कळवला आहे. आजचे बरेच अभ्यासक म्हणतात, की ते झाड बहुधा एरंड असावे. काही असो, तो आपला लाल भोपळा मात्र असणे शक्य नाही. तो त्या काळी समुद्रापलीकडेच होता. सवयीचा भोपळा गेला म्हणून माणसे किती दुखावतात, हे ओयाच्या लोकांकडून कळते, आणि आमच्या आत्याबाईंकडूनही कळले.

आता चिरण्याचे. आमच्या शेजारच्या कित्येक घरांत अख्खा भोपळा बाईने आधी चिरावयाचा नाही, पहिला घाव पुरुषाने घालावयाचा, असा रिवाज आहे. त्याचे कारण कोणी काही सांगोत. पण तीनचार किलोचा टणक भोपळा विळीवर धरून ज्या बाईने एकदा अंगठा कापून घेतला आहे, तिला तो रिवाज फारसा जाचक वाटणार नाही. भोपळा ओल्या फडक्यावर ठेवावा म्हणजे घसरत नाही. देठाच्या बाजूने सुरी घालून दोन भाग करावेत आणि मग फोडी पाडाव्यात. साल कोवळी असेल तर काढू नये. बाजारातून आणताना देठासकट आणावा. देठ वाळलेला, साल नखाने न टोचणारी आणि उचलताना आकाराच्या मानाने जड, असा भोपळा पक्व समजावा. असा अख्खा भोपळा कोरड्या, हवेशीर जागी गवताच्या चुंबळीवर ठेवला तर तीनचार महिने सहज राहतो. ओलसर जमिनीवर ठेवला, की बुडाकडून नासतो. चिरलेला मात्र शीतकपाटातही चारपाच दिवसांत संपवावा.

फोडी केल्यावर पहिले काम चव घेण्याचे. कच्च्या गराचा एक लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. गोडसर किंवा नुसता पाणचट लागला तर उत्तम. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि तो सबंध भोपळा खड्ड्यात पुरावा. ह्यात काटकसर नको. भोपळ्याच्या कुळातील कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो. ते विषारी असून शिजवल्याने जात नाही. वांत्या, जुलाब होतात, क्वचित रक्ताच्या उलट्या होऊन जिवावर बेतते. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्याल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनी कडू लागलेला रस अजिबात घेऊ नये असे स्पष्ट सांगितले. लाल भोपळ्यात असे क्वचितच घडते, पण घडते. गूळ घालून कडूपणा मारण्याची आपल्याकडे जी युक्ती आहे, ती कारल्यापुरती ठेवावी. मिरजेला ज्या भोपळ्यांचे तंबोरे होतात ते कडूच असतात. त्यांचा गोडवा कानांसाठी आहे.

शुक्रवारी आणि उपवासकाळात मांसाहार नसतो, तेव्हा आमच्या घरांतून भोपळ्याची पाळी हमखास येते, आणि मुले नाके मुरडतात. दोष बहुधा भाजीचा नसून पाण्याचा असतो. भोपळ्यात शेकडा ९० हून अधिक भाग पाणीच आहे. त्यात आपण आणखी पेलाभर ओतले तर लगदा होणारच. आमच्याकडे भाजी अशी करतात : लोखंडी कढईत दोन चमचे तेल, मोहरी, पाचसहा मेथीदाणे, कढीलिंब आणि दोन सुक्या मिरच्या. मेथीदाणे तांबूस झाले, की लगेच सालीसकट फोडी घालाव्यात. काळे झाले तर भाजी बिघडली म्हणून समजावे. वर ताट ठेवून ताटावर पाणी ठेवावे, आत घालू नये. फोडी बोटाने दबू लागल्या, की मीठ, सुपारीएवढा गूळ, कांदा-लसणाची चटणी आणि शेवटी शेंगदाण्याचे कूट. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी खाऊन पाहावी. गोव्याकडून येऊन इकडे स्थायिक झालेल्या घरांत हीच भाजी ओले खोबरे आणि सुकी कोळंबी घालून करतात. तीही फार चांगली लागते. ती अर्थात शुक्रवारीही चालते.

तेलाविषयी एक सांगावयाचे राहिले. भोपळ्याच्या केशरी रंगात जे द्रव्य असते, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते; डोळ्यांना ते आवश्यक आहे. पण ते द्रव्य तेला-तुपावाचून नीट अंगी लागत नाही. म्हणून नुसता उकडलेला भोपळा बाळाला भरवताना त्यात अर्धा चमचा तूप घालावे. भरीत करतानाही असेच : फोडी वाफवून घोटाव्यात, गार झाल्यावर दही, मीठ, चिमूटभर साखर घालावी आणि वर तेलाची हिरव्या मिरचीची फोडणी द्यावी. गरम गरात दही घातले तर ते फुटते. येथे घाई करू नये.

घारग्यांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण ते बिघडतात. दोन वाट्या किसलेला भोपळा चमचाभर तुपावर परतावा. पाणी सुटून ते आटेपर्यंत हालवीत राहावे. मग एक वाटी चिरलेला गूळ घालावा. आमच्या वेदगंगा-दूधगंगेच्या काठी गुऱ्हाळांचा ताजा गूळ मिळतो, तो मऊ असला तर वाटीला थोडी कमी घ्यावी. गूळ विरघळला, की खाली उतरवून चिमूटभर मीठ, वेलची आणि दोन चमचे तांदळाचे पीठ घालावे. पूर्ण निवल्यावर त्यात मावेल तितकी कणीक. कणकेचे माप आम्ही मुद्दाम देत नाही. प्रत्येक भोपळ्याचे पाणी निराळे, त्यामुळे छापील माप पाहून करणाऱ्या बाईचे घारगे एकदा दगड होतात आणि एकदा चिखल. पाण्याचा थेंबही न घालता घट्ट गोळा व्हावा, एवढेच लक्षात ठेवावे. अर्धा तास झाकून ठेवून, केळीच्या पानाला तेल लावून जाडसर थापावेत, वर खसखस दाबावी, आणि मध्यम आचेवर तळावेत. तेल फार तापले तर गुळामुळे बाहेरून काळे आणि आत कच्चे राहतात. फार निवले तर तेल पितात. कढईत घारगा विरघळू लागला तर गूळ जास्त झाला असे समजून उरलेल्या गोळ्यात मूठभर कणीक मळावी. झालेले घारगे डब्यात चार दिवस राहतात. शेतावर जाणाऱ्या माणसाला चहाबरोबर दोन दिले, तर दुपारपर्यंत त्याला काही लागत नाही.

सालींची चटणी पुष्कळ घरांत करतात : साली तेलावर कुरकुरीत परतून तीळ, मिरची, चिंच आणि मीठ घालून पाट्यावर वाटाव्यात. फुलांची भजी होतात, पण त्यात एक मेख आहे. वेलीवर नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुले येतात. मादीच्या फुलाच्या बुडाशी लिंबाएवढी इवली भोपळी असते. नराचे फुल नुसत्या लांब दांड्यावर उभे असते. भज्यांसाठी नरच तोडावीत, आणि तीही सगळी नव्हेत. फुले भल्या पहाटे उमलतात व ऊन चढले की मिटतात. तेवढ्या वेळात मधमाश्यांचे काम आटोपते. म्हणून त्यांचे काम झाल्यावर, नऊदहाच्या सुमारास, फुले तोडावीत. आमच्या एका शेजारीणबाईंनी एका वर्षी पाहुण्यांसाठी सबंध वेल ओरबाडून टोपलीभर भजी केली. पाहुणे खूश होऊन गेले. त्या वर्षी त्यांना भोपळे मात्र आम्ही दिले.

आता बिया. तीनचार किलोच्या भोपळ्यातून एक-दोन मुठी बिया निघतात, आणि बहुतेक घरांत त्या सालींबरोबर गुरांपुढे जातात. ह्या बियांच्या सोललेल्या १०० ग्रॅम मगजात सुमारे ३० ग्रॅम प्रथिने, जवळजवळ ५० ग्रॅम स्निग्धांश, ९ मिलिग्रॅमच्या आसपास लोह आणि ८ मिलिग्रॅमच्या आसपास जस्त असते. आकडे पाहून हुरळून जाऊ नये, कारण कोणी १०० ग्रॅम खात नाही. एक मोठा चमचा मगज म्हणजे दहा ग्रॅम. त्यातून तीन ग्रॅम प्रथिने मिळतात. बियांतील लोह सबंध अंगी लागतही नाही. सोबत लिंबू पिळले तर काहीसे अधिक लागते. तरीही फुकट मिळणारा हा घास उकिरड्यावर का जावा?

बिया काढल्याबरोबर पाण्यात चोळाव्यात. तंतू वर येतात, ते काढून टाकावेत. तंतूंसह वाळवल्या तर बुरशी धरतात. सुपात पसरून दोनतीन दिवस वाळवाव्यात. भाजताना तवा जाड आणि आच मंद असावी. आठदहा मिनिटांत त्या फुगून तडतडू लागतात आणि कडा किंचित तांबूस होतात. तेवढ्यात उतरवाव्यात, कारण तव्याच्या उष्णतेने त्या पुढेही भाजत राहतात. खारवलेल्या हव्या असतील तर मिठाच्या दाट पाण्यात रात्रभर भिजवून, वाळवून मग भाजाव्यात. नखाने टरफल सोलून मगज खाण्यात दुपार निघून जाते हे खरे. घरातील म्हाताऱ्या माणसांना तो उद्योग प्रियही असतो. बाजारात जो हिरवागार सोललेला मगज महाग मिळतो, तो बहुतेक अशा जातींचा, की ज्यांच्या बियांना कठीण टरफलच नसते. ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात अशी जात निपजली आणि तिचे गडद हिरवे तेल तिकडे प्रसिद्ध आहे. आपल्या भोपळ्याची बी टरफलाची, म्हणून आपण तिची चटणी करावी हे उत्तम. वाटीभर भाजलेल्या बिया टरफलासकट, अर्धी वाटी भाजलेले सुके खोबरे, पाचसहा संकेश्वरी मिरच्या, आठदहा लसूणपाकळ्या, थोडी चिंच आणि मीठ. बिया आधी एकट्याच बारीक कुटाव्यात, मग बाकीचे घालावे. एकदम सगळे मिक्सरमध्ये टाकले तर टरफलांचे तुकडे घशाला लागतात. कारळ्याच्या चटणीशेजारी ही चटणी मानाने बसते. तीनचार वर्षांखालील मुलांना अख्ख्या बिया मुळीच देऊ नयेत. घशात अडकण्याची भीती असते.

जुन्या बायका भोपळ्याच्या बिया जंतांवर देत असत. ही समजूत केवळ आपलीच नाही, ती पुष्कळ देशांत आहे आणि तिच्यात काही तथ्यही असावे. पण शाळेत आणि अंगणवाडीत २०१५ पासून जंतनाशक दिनी जी गोळी देतात, ती चुकवून त्याऐवजी बिया देणे हा शहाणपणा नव्हे. गोळी घ्यावी, आणि बियाही खाव्यात.

राहिली बेण्याची गोष्ट, जिथे आमची चूक झाली. खाण्याच्या बिया आणि पेरण्याच्या बिया काढतानाच वेगळ्या कराव्यात, आणि पेरण्याच्या कोठे ठेवल्या आहेत ते घरातील प्रत्येक बाईला ठाऊक असावे. एकट्या सासूला ठाऊक असून भागत नाही. बेण्याचे फळ वेलीवर देठ वाळेपर्यंत ठेवावे, उतरवल्यावर आणखी तीनचार आठवडे घरात पिकू द्यावे, मगच फोडावे. बिया सावलीत वाळवाव्यात. वाकवली असता बी न लवता कट्‌कन मोडली, की वाळली. राखेत घोळून कोरड्या भांड्यात ठेवल्या तर चार वर्षेही उगवतात.

तेवढ्याने जात राखली जाते, असे मात्र नाही. शेजारच्या परड्यात निराळा भोपळा असेल तर मधमाश्या एकाचा पराग दुसऱ्याला पोहोचवतात. यंदाच्या फळाच्या गरात त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो त्या फळाच्या बियांपासून पुढच्या वर्षी येणाऱ्या वेलीत. दुधीचा आणि लाल भोपळ्याचा असा संकर होत नाही, ती भीती बाळगू नये. पण लाल भोपळ्याच्या दोन जातींचा सहज होतो. त्यावर उपाय असा : उद्या उमलणारी एक मादी कळी आणि दोन नर कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने हलकेच बांधून ठेवाव्यात. सकाळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी फिरवावा, मादी फूल पुन्हा बांधावे, आणि त्या देठाला रंगीत चिंधी बांधून खूण करावी. त्या फळाचे बेणे शुद्ध. काम पाच मिनिटांचे आहे, फक्त पहाटे उठावे लागते.

हे सगळे आम्ही नंतर शिकलो. आत्याबाईंच्या माहेरी चौकशी केली, तर तेथे भावांनी परडे मोडून घर वाढवले होते आणि बाजारातून पाकिटातले बेणे येत होते. मग आत्याबाईंनाच आठवले, की आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कानडी अक्कांना त्यांनी पाचसहा वर्षांपूर्वी गारिग्यांसाठी एक भोपळा दिला होता. आम्ही ओशाळून त्यांच्या दारी गेलो. अक्कांनी फळीवरची पुडी काढली आणि आमच्या ओंजळीत दहाबारा बिया घातल्या. पैशांचे नाव काढताच त्या चिडल्या. पण पुडी देताना त्यांनी हेही सांगितले, की त्यांच्या परड्यात दुसराही भोपळा असतो.

गेल्या पावसाळ्यात त्यांतील सात बिया उगवल्या. चार वेलींना लांबट, गुळगुळीत फळे आली. तिघींना चपटी, शिरांची आली. मात्र साल पूर्वीइतकी हिरवट नाही. ह्या नाताळाच्या आठवड्यात आत्याबाईंनी त्यांतील एक फोडायला घेतले. कच्च्या गराचा तुकडा तोंडात टाकून त्या बराच वेळ चघळत राहिल्या. “आहे तसा,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, “थोडं पाणी जास्त आहे.” गराचे घारगे झाले. बियांपैकी वीस चांगल्या, भरलेल्या बिया त्यांनी निवडून राखेत घोळल्या आणि उरलेल्या आमच्याकडे भाजावयास दिल्या. खापरावर कागद चिकटवून आमच्याकडून त्यांनी मोठ्या अक्षरांत वर्ष लिहून घेतले, आणि त्याखाली मुलांसाठी आणखी एक ओळ : ह्या खाऊच्या नाहीत.